टोरांटो, पंचेचाळीस मिनिटं

मंदारराव क्षेमकल्याणी यांना आपल्या बायकोचा पहिला संशय आला तो वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, टोरांटोच्या विमानतळावर, सामानाच्या पट्ट्याशी उभं असताना. कारण साधंच होतं. बायको त्यांच्याशी फार चांगली वागत होती.

"दमलास का रे?" असं केतकीताईंनी विचारलं आणि त्यांच्या खांद्यावरची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मंदाररावांनी उभी हयात विमा कंपनीत दावे तपासण्यात घालवली होती. गोदाम जळालेला माणूस चहाबरोबर बिस्किटंही पुढे करू लागला, की ते राख जरा जास्त बारकाईने बघत. बाकीच्या जगाचा संशय त्यांनी पगार घेऊन घेतला होता. घरचा तेवढा राहून गेला होता.

मग त्यांना आणखी दोन गोष्टी दिसल्या. बायकोचे डोळे सुजलेले होते, आणि तिच्या ओढणीच्या टोकाला घट्ट गाठ मारलेली होती. नाशिकला विमानात चढताना ती गाठ नव्हती. त्यांनी नाक पुसायला स्वतःचा रुमाल काढला, तर त्याच्याही कोपऱ्याला गाठ.

"ही कशाची?" त्यांनी विचारलं.

"तुझा रुमाल, तुला माहीत," केतकीताई म्हणाल्या.

"आणि तुझी ओढणी?"

"मला तरी कुठे आठवतंय?"

इथे हे सांगायला हवं, की केतकीताई तीस वर्षं रेडिओवर निवेदिका होत्या. गोदावरीच्या पुराचा इशारा आणि आवळ्याच्या मोरंब्याची कृती त्या एकाच आवाजात वाचत. त्या आवाजावरून त्या खरं बोलतायत की नाही हे चाळीस वर्षांच्या संसारात मंदाररावांना एकदाही ओळखता आलं नव्हतं. त्याची आजवर गरजही पडली नव्हती.

पट्ट्याभोवती त्यांनी नजर फिरवली. नाशिकच्या विमानातून उतरलेल्या निम्म्या माणसांकडे गाठी होत्या. कुणाच्या रुमालाला, कुणाच्या स्टोलला, कुणाच्या शर्टाच्या खालच्या टोकाला. सिन्नरच्या एका गृहस्थांनी दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या होत्या, आणि ते पडल्यावरच त्यांना ते कळलं. सगळे आपापल्या गाठीकडे बघत होते आणि कुणालाही काहीही आठवत नव्हतं.

*

निमिष एअरलाइन्सची जाहिरात तुम्ही पाहिली असेलच. निळ्या आकाशात पांढरी रेघ आणि खाली अक्षरं: नाशिक–टोरांटो, पंचेचाळीस मिनिटं. 'मिनिटं'वर एक बारीक चांदणी, आणि चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी, ज्याला चष्मा नव्हे, दुर्बीण लागावी अशा टाइपात: 'अनुभवलेला वेळ.'

विमान काही वेगाने जात नव्हतं. साडेबारा हजार किलोमीटर अंतर तसंच होतं आणि विमानंही तीच होती. बदलली होती ती माणसाची आठवण. दिवसभरात आपण जे बघतो, बोलतो, ते मेंदू आधी कच्चं नोंदवतो आणि मग सावकाश पक्कं करतो. कच्चं असेपर्यंत ते पुसलं जाऊ शकतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे केव्हापासून ठाऊक होतं. काही औषधं दिली, की रोगी टक्क जागा असतो, प्रश्नांना उत्तरं देतो, डॉक्टरांना दोन विनोदही सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं त्याला काही आठवत नाही. निमिषच्या शास्त्रज्ञांनी याच जातीची एक बिनधोक गोळी तयार केली. ती घेतल्यावर प्रवासी झोपत नाही. तो जेवतो, खिडकीबाहेर बघतो, पाय आखडले म्हणून कुरकुरतो, शेजाऱ्याशी भांडतो. फक्त मेंदू यातलं काही पक्कं करत नाही. उड्डाणाची वीस मिनिटं आणि उतरण्याची पंचवीस एवढीच काय ती लक्षात राहतात. मधलं सगळं गेलं.

सगळं म्हणजे अगदी सगळं नाही. भावनांचं खातं मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं आणि तिथपर्यंत गोळी पोचत नव्हती. त्यामुळे माणूस विमानातून कधी उगाचच चिडलेला उतरे, कधी उगाचच हलका होऊन. चिडण्याचं कारण ठाऊक नसल्यामुळे ती चीड टॅक्सीवाल्याच्या वाट्याला येई.

कुणीतरी ग्राहक मंचात गेलं होतं. मंचाने निकाल दिला, की ज्या त्रासाची आठवण नाही त्याची भरपाई मागता येत नाही. मंदाररावांनी तो निकाल वाचला, तेव्हा त्यांना सेवेत असताना तो हाती न लागल्याची हळहळ वाटली.

गोळीच्या काळात प्रवाशांचे फोन आणि पेनं कंपनी काढून घेई, कारण सहप्रवाशांचा खासगीपणा. त्यामुळे मधे कुणाला काही लक्षात ठेवावंसं वाटलं तर उपाय एकच उरे, आईने आणि आजीने शिकवलेला. पदराला गाठ. गाठ दिसली की गोष्ट आठवते. अडचण एवढीच, की गाठ बांधताना जी गोष्ट डोक्यात असते तिचीच आठवण करून द्यायला ती असते, आणि इथे डोकंच कोरं होऊन उतरत होतं. तरी माणसं गाठी मारत होती.

*

मुलगा आर्जव टोरांटोच्या एका उपनगरात राहत होता. बायको, चार वर्षांची मुलगी तारिणी आणि तळघरात आई-वडलांसाठी तयार ठेवलेल्या दोन खोल्या. गेली दोन वर्षं त्याचं एकच म्हणणं होतं: आता कायमचे इकडे या. या खेपेला तो मुद्द्यावरच आला. कागदपत्रं महिनाअखेरपर्यंत पुढे सरकवायला हवीत, नंतर वयाची अट आड येईल. नाशिकची जागा विकायची, सामान द्यायचं-घ्यायचं, आणि यायचं. ते नाशिकला परत पोचल्या पोचल्या त्याला उत्तर हवं होतं.

"बाबा, तुम्ही काय म्हणता?"

"केतकी म्हणेल तसं," मंदारराव म्हणाले.

"आई?"

"मंदार म्हणेल तसं," केतकीताई मोरंब्याच्या आवाजात म्हणाल्या.

हा संवाद महिन्याभरात इतक्या वेळा झाला, की तारिणी तो बाहुल्यांकडून म्हणवून घेऊ लागली.

मंदाररावांना टोरांटोत राहायचं नव्हतं. ते त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नात हवी आहे अशी त्यांची खात्री होती, आणि आपल्या हट्टापायी ती नातीला मुकावी हे त्यांना बरं दिसत नव्हतं. पण आता या हिशेबात ती गाठ आली. विमानात तिने काहीतरी ठरवलं होतं, लक्षात ठेवण्याइतकं मोठं. ठरवताना ती रडली होती. त्यानंतर ती आपल्याशी गोड वागत होती. माणूस ज्याला सोडून जायचं ठरवतो त्याच्याशीच असं वागतो. भिवंडीच्या एका गोदामाच्या मालकाने आग लावायच्या आदल्या आठवड्यात पहारेकऱ्याला नवी घोंगडी दिली होती, हे त्यांना आठवलं.

म्हणजे ती एकटी राहणार इथे? आणि आपण? नाशकात आपण एकटे? एक-दोनदा त्यांनी सहज म्हणून विषय काढून पाहिला. बायकोने त्यांना आणखी एक धिरडं वाढलं. संशय पक्का झाला.

शेवटी त्यांनी ठरवलं, की परतताना गोळी घ्यायची नाही. ती घेईल. विसरणार आहोत हे ठाऊक असलेला माणूस मोकळेपणाने बोलतो. तिने विमानात बोलावं, आपण ऐकावं, आणि उतरल्यावर सगळं फक्त आपल्याजवळ राहावं. हे बरोबर नाही हे त्यांना कळत होतं. पण गुप्त तपासणीत दुसऱ्या बाजूची परवानगी कधी घेतात?

*

विमान स्थिरावल्यावर हवाई सुंदरी गोळ्यांचा ट्रे घेऊन आली. शाल्मली नाव, मूळची निफाडची. एकेकाच्या हातावर ती निळसर, वाटाण्याएवढी गोळी ठेवी, पाणी देई आणि मग पोलिओच्या डोसाच्या वेळी बघतात तसं 'आ करा' म्हणून तोंडात डोकावे. मंदाररावांची खालची उजवी दाढ गेल्या वर्षी पडली होती. नवी बसवण्याचा कंटाळा त्यांना आज पहिल्यांदाच उपयोगी पडला. गोळी त्या खळगीत जाऊन बसली. शाल्मली पुढे सरकताच त्यांनी खोकल्याचं निमित्त करून ती रुमालात घेतली.

शेजारी केतकीताईही पाणी पिऊन ओढणीने तोंड पुसत होत्या. पुसता पुसता त्यांनी ओढणीच्या टोकाला गाठ मारली.

मंदाररावांचे कान टवकारले. आत्ताच गाठ? अजून तर कुणी काही बोललंच नाही. लक्षात ठेवायचंय काय हिला?

त्यांनी ती गोष्ट मनात टिपून ठेवली आणि वाट बघत बसले.

वाट बघण्याला वेळ भरपूर होता. पूर्वी हा प्रवास पंधरा तासांचा होता. प्रवाशांना काहीच आठवत नाही म्हटल्यावर कंपनीने इंधन वाचवायला विमान सावकाश हाकायला सुरुवात केली होती, आणि आता एकोणीस लागत. खुर्च्यांच्या तीन रांगा वाढल्या होत्या, त्यामुळे मंदाररावांचे गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीत आणि मागच्याचे त्यांच्या पाठीत होते. उपमा दोनदा आला, दोन्ही वेळा गार, आणि तो कालचा की आजचा हे तारखांच्या गोंधळात ठरवता येण्याजोगं नव्हतं. सगळं विमान एकमुखाने तक्रार करत होतं. शाल्मली शांतपणे सगळ्यांना हो म्हणत होती.

पाय मोकळे करायला मंदारराव मागे गेले. तिथे पडद्याआड शाल्मली चहा पीत उभी होती. त्यांना बघून ती ओळखीचं हसली.

"काय काका, या खेपेला अजून भांडण नाही झालं?"

"कसलं भांडण?" मंदाररावांनी शक्य तितक्या बावळट आवाजात विचारलं.

ती सांगू लागली. लपवायचं कारणच नव्हतं, काका उतरल्यावर विसरणारच होते. ती सुरुवातीपासून याच मार्गावर होती. काका-काकू तीनदा टोरांटोला आले-गेले, आणि मागच्या पाचही उड्डाणांना तिने त्यांना बघितलं होतं. पाचही वेळा तेच. आधी एकमेकांना टोमणे. मग भांडण. मग काकू रडतात, मग काका रडतात.

"आणि मग?"

"मग तुम्ही दोघं मिळून ठरवता, की आर्जवला नाही म्हणायचं."



"दोघं मिळून?"

"हो ना. काकूंना जायचं नाही, तुम्हालाही नाही. दर वेळी दोघांना एवढं आश्चर्य वाटतं. एकदा तर मलाच साक्षीदार केलंत. मागच्या वेळी तर गाठीही मारल्यात." तिने चहा संपवला. "विसरणार म्हटलं की सगळे खरं बोलतात, काका. आणि खरं बोलून झालं, की सगळ्यांना वाटतं हे विसरू नये."

"मग उतरताना तू आम्हाला सांगत का नाहीस?"

"कंपनीचा नियम आहे. विमानातलं विमानात." मग ती म्हणाली, "हेही तुम्ही दर वेळी विचारता."

*

मंदारराव जागेवर येऊन बसले. तपासनीस म्हणून त्यांनी शाल्मलीच्या साक्षीवर लगेच विश्वास ठेवला नाही. साक्ष चहा पिता पिता बोलणाऱ्या तिऱ्हाईताची होती. मूळ व्यक्ती शेजारीच बसली होती, आणि ती गोळीच्या अमलात होती. तिच्या तोंडून ऐकायला हवं होतं.

"काय गं," ते म्हणाले, "तुला टोरांटो आवडतं ना?"

केतकीताई त्यांच्याकडे वळल्या.

"खरं सांगू? तू तसाही विसरणार आहेस."

"सांग."

"मला नाही राहायचं तिथे. सून इतकी नीट वागते माझ्याशी, की त्या घरात मला मोठ्याने शिंकायची भीती वाटते."

"मग हो का म्हणालीस?"

"मी कुठे हो म्हणाले? तू म्हणशील तसं, म्हणाले." त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोरंब्याचाही राहिला नाही आणि पुराचाही. "मी आधी गेले तर तुझं काय, एवढंच डोक्यात होतं. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे आजही तू मला विचारतोस. तिथे निदान विचारायला कुणी असेल."



"मी तुझ्यासाठी जायला तयार झालो होतो," ते म्हणाले. "तारिणीला कडेवर घेतलंस की तू काहीतरी गुणगुणतेस. नाशकात कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं."

"ते गुणगुणणं नाही रे. माझी कंबर दुखते. मी कण्हते."

दोघं हसले. पुढच्या माणसाने मागे वळून तक्रार केली आणि शाल्मलीने त्याला हो म्हटलं.

"एवढी गोड का वागत होतीस मग महिनाभर?" मंदाररावांनी मुख्य आरोप मांडला.

"जाताना उतरले तेव्हा तुझ्याबद्दल फार बरं वाटत होतं. का ते आठवेना. म्हटलं, वाटतंय तोवर वागून घ्यावं."

यानंतर मंदारराव जे बोलले ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस असं एकदाच बोलतो, आणि तेही समोरचं माणूस विसरणार याची पक्की खात्री असली तरच. केतकीताईंनी ते सगळं ऐकून घेतलं, मान खिडकीकडे वळवली आणि ओढणीने डोळे पुसले. गाठ नसलेल्या टोकाने.

*

नाशिकला, ओझरच्या विमानतळावर, सामानाचा पट्टा सुरू व्हायला वेळ होता. गाठवाली मंडळी नेहमीप्रमाणे आपापल्या गाठींकडे बघत उभी होती. मंदाररावांच्या डोक्यात घोळत होतं, की आता सुरुवात कशी करायची. तिला काही आठवत नाही. आपल्याला सगळं आठवतंय. आपण काही ऐकलेलंच नाही असं दाखवून सांगायचं होतं.

"मी काय म्हणतो," ते खाकरून म्हणाले, "आर्जवला नाही म्हणावं. मी विचार केला."

"केव्हा?" केतकीताईंनी विचारलं. "पंचेचाळीस मिनिटांत?"

"विचाराला वेळ थोडाच लागतो."

"बरं," त्या म्हणाल्या. "नाही म्हणू."

एवढं सोपं? मंदाररावांचा संशय पुन्हा जागा झाला. एखादा दावा इतक्या लवकर मिटला, की ते फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचत.

"तुझी ती गाठ," ते म्हणाले. "काही आठवतंय का?"

केतकीताई शांतपणे ओढणीची गाठ सोडू लागल्या. गाठ चांगली घट्ट होती, नखाने सोडवावी लागली. सुटली तेव्हा तिच्यातून काहीतरी त्यांच्या तळहातावर पडलं. निळसर, वाटाण्याएवढं.

मंदारराव त्या गोळीवर वाकले.

"तू घेतलीच नाहीस."

"जाताना रुमालाला गाठ मारून उतरलास, आणि महिनाभर माझ्यावर डोळा ठेवून होतास. मला वाटलं, काहीतरी लपवतोयस माझ्यापासून. म्हटलं, तू गोळीत असताना ऐकून घ्यावं." त्यांनी आवाज पुन्हा रेडिओवरचा केला. "ते शेवटी काय म्हणालास, ते परत म्हण."

"मला काही आठवत नाही. मी गोळी घेतली होती."

"रुमाल दाखव."

"कशाला?"

केतकीताईंनी नुसता हात पुढे केला. मंदाररावांनी उभ्या हयातीत शेकडो माणसांपुढे असाच हात केला होता, आणि कुणीही फार काळ टिकलं नव्हतं. त्यांनी रुमाल दिला. गोळी कोपऱ्याला चिकटून बसली होती.

केतकीताईंनी दोन्ही गोळ्या एकाच तळहातावर घेतल्या. तेवढ्यात फोन वाजला. आर्जव होता.

"पोचलात? काय ठरलं?"

"आम्ही येत नाही," केतकीताईंनी सांगितलं, पुराच्या आवाजात, म्हणजे त्यात वाद घालायला जागा राहिली नाही. आम्ही पाहुणे म्हणून येत राहू, राहायला येणार नाही, दोघांचं मिळून ठरलंय, हेही सांगितलं.

 मग आर्जव म्हणाला, की हे असं फोनवर नाही चालणार. तो आणि त्याची बायको येत्या शनिवारी नाशिकला येतील आणि समोरासमोर बसून बोलतील.

"त्यात काय," तो म्हणाला. "पंचेचाळीस मिनिटं तर लागतात."

केतकीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पट्ट्याकडे पाहिलं, तिथे एकुलती एक बॅग गोल फिरत होती.

"ये," केतकीताई म्हणाल्या. "दोघं शेजारीशेजारी बसा. आणि येताना रुमाल आण. मोठा."